एक्केचाळीस रकान्यांची मोहीम, अर्थात दिवाणखान्यात नवा टीव्ही आला त्याची हकीकत

श्रीमंत बाईसाहेब, गृहराज्याच्या मुख्य कारभारीण, यांचे आज्ञेवरून ही हकीकत लिहिली असे. आज्ञा जाहली ती येणेप्रमाणे की, एक टीव्ही घ्यायला तुम्हांला अकरा आठवडे का लागले ते नीट लिहून ठेवा, म्हणजे पुढे या घरात कुणी विसरून तुम्हांला काही निवडायला सांगणार नाही. आज्ञा शिरसावंद्य मानोन कलम हाती घेतले. या बखरीत ज्यांस खाविंद म्हटले आहे ते आम्हीच. आमचा इतका मानमरातब दुसरे कोणी ठेवीना, सबब आमचा आम्हांसच ठेवणे प्राप्त जाहले. खाविंदांनी पराक्रम केला तो लिहिला आणि गफलत केली तीही लिहिली, आणि गफलत अधिक भरली म्हणून मजकूर लांबला.

प्रथम राज्याची व्याप्ती. चौथ्या मजल्यावर तीन खोल्या आणि एक दिवाणखाना. दिवाणखान्यात एके भिंतीस कोच, समोरचे भिंतीस जुना टीव्ही, आणि दोहोंमध्ये वेताची खुर्ची, ती मातोश्रींची गादी. मातोश्री पूर्वी टेलिफोन कचेरीत ऑपरेटर होत्या. तेहेतीस वर्षे कानास यंत्र लावोन त्यांणी परक्या माणसांची परक्या माणसांशी गाठ घालून दिली आणि अवघी हयात आवाजावरून माणूस ओळखिला. बाईसाहेब इस्पितळात व्यायामोपचार करितात. हाडे मोडून पडलेल्यांस पुन्हा चालते करणे हा त्यांचा हुन्नर. कन्या कॉलेजात शिकते आणि घरी शिकविते. खाविंद स्वतः छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे पुस्तक छापण्यापूर्वी त्यातील चुका धुंडून काढणारे. बारीक टायपातला चुकार अनुस्वार त्यांचे नजरेतून सुटत नसे. ऐशी त्यांची कीर्ती छापखान्यात होती, आणि घरी कोणी विचारले नाही तरी ते ती सांगत असत.

जुना टीव्ही चौदा वर्षे इमानाने चाकरी करोन थकला होता. आधी पडद्याची डावी बाजू जांभळी जाहली, आणि मग त्या बाजूस जो उभा राही तो जांभळा दिसे, मग तो मंत्री असो वा गोलरक्षक. घरच्यांनी ते निभावून घेतले. पुढे एके सायंकाळी हवामानाचे वर्तमान चालले असता पडदा एकाएकी काळा पडला, आवाज दोन पळे रेंगाळला, आणि मग तोही गेला. खाविंदांनी पाठीवर थापा मारिल्या, तारा काढोन पुन्हा खोविल्या, परंतु व्यर्थ. तेव्हा त्यांणी दिवाणखान्यात उभे राहोन जाहीर केले की, आठ दिवसांत असा टीव्ही आणतो की माणसाच्या कपाळावरचा घाम मोजता येईल. मातोश्री म्हणाल्या, घाम कशाला मोजायचाय. त्या बोलण्याकडे कोणाचे ध्यान गेले नाही.

मग तयारी आरंभिली. खाविंदांनी एक भला थोरला तक्ता मांडिला. त्यात एकोणचाळीस टीव्ही उभे केले आणि प्रत्येकाची परीक्षा घेण्यास एक्केचाळीस रकाने आखिले: पिक्सेल किती, काळा रंग किती काळा, पडदा एका सेकंदात कितीदा बदलतो, कोनातून पाहता चेहरा फिका पडतो की काय, कड किती पातळ, भिंतीपासून अंतर किती. हाय डेफिनिशन, फुल एचडी आणि फोर-के या तिन्ही फौजांचे बलाबल त्यांणी पाठ केले. कंपन्यांची माहितीपत्रके मागविली, आणि मग सवय जाईना म्हणोन त्यांतील शुद्धलेखनाच्या चुकाही लाल शाईने दुरुस्त करोन दोन पत्रके परत पाठविली. उत्तर आले नाही.

दुसरा महिना लागला तरी मसलत आटपेना. आकार कळावा म्हणोन खाविंदांनी वर्तमानपत्रे जोडून त्रेचाळीस, पन्नास, पंचावन्न आणि पासष्ट इंचांचे चार चौकोन कापिले आणि ते भिंतीवर एकावर एक डकविले. बाईसाहेब कामावरून येवोन त्या कागदांकडे पाहत आणि आत जात. कन्येने चौकोनावर पेनाने एक चेहरा काढिला आणि खाली लिहिले, थेट प्रक्षेपण. मातोश्रींनी खुर्चीतून विचारिले, भिंतीवर काय लावलंयस रे. खाविंद वदले, टीव्ही आहे, आई. मातोश्री म्हणाल्या, बरं, मग आवाज जरा मोठा कर. सर्व हसले. मातोश्रीही हसल्या, परंतु किंचित उशिरा.

या अकरा आठवड्यांत दिवाणखान्याची अवस्था काय जाहली तेही लिहिणे प्राप्त आहे. टीव्ही नाही म्हणोन कन्या आपले खोलीत फोन घेवोन बसू लागली, बाईसाहेब निजायच्या खोलीत पाय पसरू लागल्या, आणि खाविंद स्वयंपाकघरातील टेबलावर तक्ता पसरोन रकाने भरू लागले. सायंकाळी सातास दिवाणखान्यात एकट्या मातोश्री उरत. त्या बंद टीव्हीसमोर बसत, मांडीवर हात ठेवोन, जणू कोणी नंबर जोडून देईल. खाविंद पाणी प्यावयास उठत तेव्हा हे दृश्य त्यांचे डोळ्यांपुढून रोज जात असे. परंतु ते कोणत्याच रकान्यात बसत नव्हते, सबब त्याची नोंद जाहली नाही.

अखेर बाईसाहेबांचा हुकूम सुटला: शनिवारी सकाळी दहाला दुकानात जायचं, चौघांनी, आणि रिकाम्या हाताने परत यायचं नाही. आज्ञेप्रमाणे स्वारी निघाली. कन्येने गाडी हाकिली, मातोश्री शेजारी बसल्या, आणि मागे खाविंद तक्त्याची गुंडाळी उभी धरोन निशाणासारखे बसले.

दुकान थोर. भिंतीवर ओळीने चाळीसेक टीव्ही, आणि सर्वांवर एकच पोपट एकाच वेळी मान वळवी. विकावयास एक बाई होत्या, गळ्यात दुकानाचा पट्टा, पायांत दिवसभर उभे राहणाऱ्यांचे मऊ बूट. त्यांणी आदबीने काय हवे म्हणोन पुसले. खाविंदांनी जमिनीवर तक्ता उलगडिला आणि खिशातून मुद्रित तपासावयाचे भिंग काढोन पहिल्या पडद्यास नाक टेकविले. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येक पोपटाचे पीस न पीस तपासिले. सातव्या पडद्यापाशी ते म्हणाले की, हिरव्यात निळा घुसतोय. विक्रेत्या बाई म्हणाल्या, साहेब, एवढ्या जवळून कुणी बघत नाही. खाविंद म्हणाले, मी बघतो. दोन गिऱ्हाइके आपला धुलाईयंत्राचा सौदा सोडून हे पाहावयास उभी राहिली, आणि कन्या आपण यांच्याबरोबरच्या नव्हेत अशा चेहऱ्याने शीतकपाटांच्या रांगेत शिरली.

मातोश्रींस नमुन्यादाखल ठेविलेल्या कोचावर बसविले होते. विक्रेत्या बाई खाविंदांस कंटाळोन त्यांचेपाशी आल्या आणि शेजारी टेकल्या, कारण पाय दुखत होते. सहज विचारिले, आजी, तुम्हांला कुठला आवडला.

मातोश्री म्हणाल्या, "मला काय कळणार गं. मी बघत नाही, ऐकते. गेलं वर्षभर मला मधलं दिसतच नाही. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघते तर तुझे कान दिसतात, तोंड नाही."

हे त्या हळूच बोलल्या, परंतु बाईसाहेब पाठीमागेच उभ्या होत्या. त्या समोर येवोन गुडघ्यांवर बसल्या.

"आई, वर्षभर? बोलला का नाहीत?"

"काय सांगायचं. पेपर सोडला तेव्हा म्हटलं चष्म्याचा नंबर बदललाय. सगळ्यांनी मान्य केलं."

"आणि टीव्ही?"

"टीव्ही लागला की तुम्ही तिघं येऊन बसायचात. कोण हसतंय, कोण पेंगतंय, सगळं कळायचं मला. तेवढ्यासाठी लावायचा. तो बंद पडला आणि कुणी येईना झालं."

येथे खाविंद हे नाव खाली ठेवितो, कारण पुढील प्रसंग त्यास पेलत नाही. मी भिंग हातात धरून एका पोपटासमोर उभा होतो आणि हे सगळे ऐकत होतो. आई वर्षभर माझ्या आवाजाकडे वळून बोलत होती आणि मला वाटे, ती माझ्याकडे बघते आहे. मी तक्त्याकडे पाहिले. एक्केचाळीस रकाने. आवाज कसा आहे हा रकाना त्यांत नव्हता. असे का, असे कोणी विचारिले असते तर मी सांगितले असते की, आवाज काय, सगळ्यांनाच असतो.

मग मोहिमेचे सरदार बदलले. बाईसाहेबांनी फर्माविले की, आता आई निवडतील आणि तुम्ही ती गुंडाळी गाडीत ठेवून या. मी ठेवून आलो. विक्रेत्या बाईंनी पोपट बंद केला आणि एकेका टीव्हीवर बातम्या लाविल्या. मातोश्री डोळे मिटोन, मान तिरपी करोन बसल्या, आणि तेहेतीस वर्षांची ऑपरेटर पुन्हा गादीवर आली. पहिल्यास म्हणाल्या, हा डब्यातून बोलतो. दुसऱ्यास, हिचा स फार चिरतो, कानाला लागतो. पासष्ट इंची थोर सरदारास म्हणाल्या, हा भिंतीशी बोलतोय, माझ्याशी नाही. विक्रेत्या बाईंनी कबूल केले की, पडदे पातळ जाहले तसे आवाजाचे कर्णे पाठीमागे गेले. याप्रमाणे सतरा मातब्बर एकामागून एक पडले, आणि आसपासची गिऱ्हाइके निकाल ऐकावयास गोळा जाहली. एका गृहस्थांनी घरचा टीव्ही कोणता घेतला ते सांगोन मत विचारिले. मातोश्री म्हणाल्या, घेतलात ना, आता गोड मानून घ्या.

कोपऱ्यात गतसालचा एक त्रेचाळीस इंची उभा होता, कमरेत जाड, साधा हाय डेफिनिशन, कर्णे समोरच्या अंगास. तो लाविला. निवेदिका कोण्या पुलाचे उद्घाटन सांगत होती. मातोश्रींनी डोळे उघडिले आणि म्हणाल्या, ही समोर बसून बोलते. हाच घ्या.

मी तोंड उघडिले. तक्त्यात तो अडतिसावा होता, आणि त्याच्या काळ्या रंगाबद्दल मी 'राखाडी, दयनीय' ऐसा शेरा मारिला होता. बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी तोंड मिटिले. या मोहिमेत आमच्याकडून घडलेला शहाणपणा तो एवढाच.

सोमवारी बाईसाहेब आणि मी मातोश्रींस डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेवोन गेलो. त्यांणी बाहुल्या मोठ्या करोन तासभर तपासिले आणि सांगितले की, आतला पडदा मधोमध झिजला आहे; उजव्या डोळ्याचे गेले ते परत येणार नाही, डावा सुईच्या उपचारांनी राखता येईल, परंतु लवकर यायला हवं होतं. मी म्हणालो, चूक माझी. मातोश्री म्हणाल्या, "तुझी कसली. लपवलं मी. एवढी वर्षं लोकांच्या गोष्टी पोटात ठेवायची सवय." मग जिन्यात त्यांणी माझा दंड धरिला, घट्ट, जसा पूर्वी कधी धरिला नव्हता, आणि त्या दिवसापासून न लाजता धरितात.

बुधवारी टीव्ही आला आणि भिंतीवर चढला. सायंकाळी सातास बाईसाहेब कोचावर आल्या, कन्या फोन आत ठेवोन आली, आणि मी मातोश्रींच्या खुर्चीलगत बसलो. बातम्या लागल्या. मध्येच मातोश्रींनी पुसले, आता काय दाखवतायत. मी सांगू लागलो की, एक गृहस्थ आहेत, वय साधारण पंचावन्न, राखी कोट, दुसरे बटण तुटलेले, मागे फळ्यावर जे लिहिले आहे त्यात दुसरी वेलांटी चुकली आहे. मातोश्री म्हणाल्या, "थोडक्यात."

मी म्हणालो, माणूस खोटं बोलतोय.

त्या म्हणाल्या, ते मला ऐकूनच कळलं, कोट कसला होता म्हणालास.

येणेप्रमाणे टीव्ही दिवाणखान्यात कायम जाहला. फत्ते मातोश्रींची, मसलत बाईसाहेबांची, गाडी कन्येची. डाव्या डोळ्याची नजर दोन महिने आहे तेवढी टिकून आहे. आमची नेमणूक रोज सात ते साडेसात मातोश्रींचे उजवे हातास, चित्र सांगण्याचे कामी, जाहली आहे. मालिकांचे वेळी आम्हांस मज्जाव आहे, कारण मातोश्रींचे म्हणणे की, तू मध्ये मत देतोस. नेमणूक हंगामी की कायम, हे विचारिले असता उत्तर मिळाले की, आधी मन लावून काम कर. मन लावून करीत आहो.