मित्राचा आजार

रोग ओळखायला डॉक्टर लागतो, हे डॉक्टरांनीच सोडलेलं पिल्लू आहे, असं वैद्यबुवांचं ठाम मत होतं.

तसे ते काही वैद्य नव्हते. जुन्या कपाटा-टेबलांचं पॉलिश उतरवून नवं चढवणाऱ्या कारखान्यात ते मुख्य कारागीर होते. पण कोणी नुसतं खोकलं तरी हे मान कलती करून सांगणार, "पित्त आहे." म्हणून सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. त्यातली थट्टा त्यांना अजून कळलेली नव्हती.

त्यात आरोग्य खात्याच्या एक बाई कारखान्यात भाषण देऊन गेल्या. विषय होता लैंगिक आजार. सगळे कारागीर माना खाली घालून आपापल्या चपला न्याहाळत बसले, एकटे वैद्यबुवा पुढच्या रांगेत ताठ. लघवीला जळजळ, लाली, फोड, जखम, स्राव, सगळं त्यांनी तोंडपाठ केलं. शेवटी बाई म्हणाल्या, "नुसत्या लक्षणांवरून काही ठरवू नका, तपासून घ्या." पण तोवर वैद्यबुवा उठून पाणी प्यायला गेले होते.

पहिला रोगी घरचाच निघाला. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याच कारखान्यात कामाला होता. तो त्यांना फळ्यांच्या ढिगामागे घेऊन गेला.

"दाजी, माझ्या एका मित्राला तिथे लाली आलीय. आग आग होते म्हणतो."

"गुप्तरोग," वैद्यबुवा म्हणाले. "मित्राला सांग, जरा वागणूक सुधार."

"पण दाजी, तो तसा नाहीये हो."

"सगळे असंच सांगतात."

मेहुण्याचा चेहरा खर्रकन उतरला. पोराचा मित्रावर फार जीव आहे, असं वाटून वैद्यबुवांना त्याचं कौतुकच वाटलं.

मग मालक आले. एका हॉटेलच्या सगळ्या दारांचं मोठं काम हाती होतं, म्हणून मालकही बाह्या सरसावून कारागिरांच्या बरोबरीने पॉलिश खरवडायला बसत होते. तेही ढिगामागेच घेऊन गेले. मित्र त्यांचाही होता. मालकांचा मित्र म्हणून वैद्यबुवांनी आवाज जरा मऊ केला, पण निदान तेच दिलं. मालक बराच वेळ एकाच दारावर एकाच जागी ब्रश फिरवत राहिले.

आणि एका सकाळी आंघोळीचं पाणी अंगावर घेताच वैद्यबुवांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली पाहिलं. लाली होती, आग होती, वर दोन फोडही होते. निदानाला क्षणही लागला नाही. आपलं निदान चुकावं, असं मात्र त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

आता हे आलं कुठून? त्यांचं पाऊल कधी वाकडं पडलं नव्हतं. खरं सांगायचं तर तेवढी छातीही नव्हती. खूप डोकं खाजवून शेवटी त्यांनी कारखान्यातल्या कमोडवर ठपका ठेवला. पण कमोडचं नाव सांगितलं तर बायको विश्वास ठेवणार होती थोडीच! ती माहेरी निघून जाईल, ही धास्ती त्यांनी घेतली. तिच्यावाचून आपलं पान हलत नाही, हे त्यांना त्या लालीने पटवून दिलं. तिला संसर्ग नको म्हणून घोरण्याचं निमित्त काढून ते बाहेरच्या खोलीत झोपू लागले.

"घोरता तर तुम्ही लग्न झाल्यापासून," बायको म्हणाली.

"आता जास्त घोरतो."

तिने त्यांची उरलेली उशीही बाहेरच्या खोलीत आणून टाकली. तिने न भांडता काही करणं हे भांडण्याहून वाईट असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

शेवटी गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा दवाखाना त्यांनी शोधला. डोक्यावर टोपी, तोंडाला रुमाल, अशा थाटात आत शिरून ते बाकावर बसले. शेजारी एकजण वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता. पेपर धरणाऱ्या बोटांच्या नखांत तपकिरी पॉलिश होतं. वैद्यबुवांनी वाकून पाहिलं. पेपरामागे मेहुणा होता.

"दाजी, तुम्ही इथे?"

"तुझ्या मित्रासाठी आलो. म्हटलं, चौकशी करावी."

"मीही त्याच्यासाठीच आलोय."

तेवढ्यात समोरचं संडासाचं दार उघडलं आणि लघवीची बाटली हातात धरून मालक बाहेर आले. बाटली लपवायला जागाच नव्हती.

"मित्राची आहे," मालक म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना एकेक करून तपासलं. मग म्हणाल्या, "तुमची हरकत नसेल तर एकत्रच बोलू." हरकत घेण्याच्या अवस्थेत कोणीच नव्हतं.

"कामावर हात धुता का?"

वैद्यबुवांची छाती फुगली. "म्हणजे काय? जाऊन आल्यावर साबणाने. माझा कडक नियम आहे, कोणाला सोडत नाही."

"आणि जायच्या आधी?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आधी कशाला?" वैद्यबुवा म्हणाले. "आधी हातांना काय झालेलं असतं?"

बाईंनी नुसतं त्यांच्या हातांकडे बोट दाखवलं. हॉटेलच्या कामासाठी आणलेलं पॉलिश उतरवायचं नवं औषध भलतंच जालीम होतं. हातमोजे कोरेच्या कोरे कपाटात पडून होते, कारण लाकूड बोटांना कळतं, रबराला नाही, ही वैद्यबुवांचीच शिकवण. तळवे सगळ्यांचे इतके निबर की त्यांना औषधाचा पत्ताच लागत नव्हता. जिथे कातडी निबर नव्हती, तिथे तो लागला.

"कातडी भाजलीय, दुसरं काही नसावं," बाई म्हणाल्या. "तरी रक्त आणि लघवी तपासू. असले आजार नुसते बघून मीसुद्धा सांगत नाही. कित्येकांना तर काही लक्षण दिसतच नाही, आणि आजार असतो."

"पण कमोडवरून होतात ना हो ते?"

"कमोडवर बसून नाही होत. संबंधातून होतात."

रिपोर्ट आले. तिघेही निर्दोष. दवाखान्याच्या पायऱ्या ते अशा उतरले की रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, निवडणूक जिंकून आलेत. मालक तर इतके खूश झाले की का, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. दुसऱ्याच दिवशी हातमोजे कपाटातून बाहेर आले, संडासाच्या दाराबाहेर नवं बेसिन बसलं आणि तिथे उभं राहून वैद्यबुवांनी सगळ्या कारखान्याला भाषण दिलं. टाळ्या पडल्या. मेहुणा म्हणाला, "दाजी, मित्र बरा आहे."

त्याच तोऱ्यात ते घरी आले आणि बायकोला पहिल्यापासून सगळं सांगून मोकळे झाले. ती मटकन खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, तुमचं मन उडालं माझ्यावरून."

"वेडी आहेस का? तुझ्यावाचून आहे कोण मला?" हे ते मनापासून बोलले. तिने डोळे पुसले. इथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण विजयी माणसाला थांबता येत नाही. "तुला सांगतो, लोकांना काही माहिती नसते. हे आजार कमोडवरून होत नाहीत. संबंधातूनच होतात."

"हो का? आणि तुम्ही तर कुठे गेला नव्हता."

"शपथ घेतो."

"मग तुम्हाला आजार झालाय असं वाटलं, तेव्हा तो कोणाकडून आला असं वाटलं?"

वैद्यबुवा घाईघाईने म्हणाले, "कमोडकडून. खरंच सांगतो, तुझा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. सगळा संशय कमोडवर."

बायको खुर्चीतून उठली.

"म्हणजे तुमची माहिती अर्धवट होती, म्हणून माझी अब्रू वाचली. पुरी असती तर?"

वैद्यबुवांनी मान कलती केली, पुन्हा सरळ केली, आणि जन्मात कधी उच्चारलं नव्हतं ते वाक्य उच्चारलं.

"मला त्यातलं काही कळत नाही गं."