नालीचा अभ्यास सुरू आहे

अंगणवाडीसमोरची नाली शाम्पूच्या रिकाम्या पुड्यांनी तुंबते आणि तिचे पाणी लेकरांच्या खोलीत शिरते, ही बाब सरपंच पंचफुला अंभोरे यांनी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेतली. विषय: पुड्यांच्या विक्रीवर गावात बंदी. नोटीस फळ्यावर लागली आणि चौथ्या दिवशी तालुक्याच्या मालेगावहून जीप करून ‘फेसाळ’ शाम्पू कंपनीचा अधिकारी आला. नाव पुनीत.

पंचफुलाबाईंना वाटले, हा भांडणार. तो हात जोडून उभा राहिला. आजवर कोणताही साहेब आला की सरपंचाच्या नवऱ्याशी बोलत असे आणि बाईंची फक्त सही नेत असे. पुनीतने नवऱ्याला नम्रपणे बाहेर बसवले.

“कंपनीचं लेखी धोरण आहे, मॅडम. संवाद फक्त लोकप्रतिनिधीशी.”

“चहा घेता?”

“घेतला तर तीन पानी फॉर्म भरावा लागतो.”

“मंग पाणी?”

पुनीतने विचार केला. “पाण्याला एक पान.”

बाईंनी तांब्या परत पाठवला. इतका सरळ माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

“बंदीला आमचा विरोध नाही,” तो म्हणाला. “फक्त ती पुराव्यावर उभी असावी.”

“पुरावा नालीत पडून राह्यला ना! चला, पाहा.”

“तोच मोजायचा आहे.”

ठराव पुढच्या सभेवर गेला. कंपनीने स्वखर्चाने नालीवर फलक लावला: ‘अभ्यास सुरू आहे. कचरा हलवू नये.’ दर सोमवारी दोन मुली येत, चिमट्याने एकेक पुडी उचलत, तिची नोंद करत आणि होती तिथेच परत ठेवत. पाणी उंबरा ओलांडून आत आले. अंगणवाडी सेविका सपना तणतणत सरपंचांकडे गेली.

“ताई, लेकरं उभ्यानं खिचडी खाऊन राह्यले. नाली उपसा ना!”

बाईंनी माणूस आणि फावडे पाठवले. फावडे लागण्याआधीच पुनीतचा फोन आला. नमुना विस्कटला तर मोजणी पहिल्यापासून करावी लागेल, मॅडम, निर्णय तुमचाच. ‘निर्णय तुमचाच’ हे शब्द बाईंना सरपंचपदाच्या तीन वर्षांत कुणी ऐकवले नव्हते. त्यांनी निर्णय घेतला. फावडे परत आले.

“कायले थांबवलं?” सपनाने विचारले.

“शास्त्रीय काम हाय, तुले नाही समजत,” बाई म्हणाल्या. हे वाक्य हुबेहूब आपल्या नवऱ्याचे आहे, हे त्यांना बोलून झाल्यावर जाणवले.

अहवाल आला, चौसष्ट पानी. पुड्या अकरा हजार दोनशे सहा. निष्कर्ष असा की पुडी स्वतःहून नालीत जात नाही, नालीचा उतार मात्र अंगणवाडीकडे आहे. कंपनी शिफारस करत नाही, फक्त लक्षात आणून देते. लक्षात आल्यावर लेकरांना ग्रामपंचायतीच्या सभागृहात हलवणे भागच होते. सभागृह लेकरांनी भरले, तेव्हा ग्रामसभेसाठी गावात छप्पर असलेली एकच सार्वजनिक जागा उरली. अंगणवाडी.

ठरावाच्या दिवशी सारे गाव समोरच्या ओट्यांवर जमले. सरपंच आत, घोटाभर पाण्यात, हजेरीपुस्तक छातीशी धरून.

“या ना आत! हात वर करा, पाच मिनटाचं काम हाय.”

“पाठिंबा हाय ना बाई आमचा,” म्हातारा जानराव ओट्यावरून ओरडला. “इथूनच समजून घ्या.”

“इथून नाही चालत, जानरावभाऊ. नोटिशीत जागा आतली हाय, सही आतच.”

“अन् चप्पल? कालच आणली कारंज्याहून.”

लोक हसले. बाईंनी पुनीतकडे पाहिले. मतदानावर प्रभाव पडू नये म्हणून तो नेमून दिलेल्या अंतरावर, कोरड्यात उभा होता.

बाईंनी एकटीने हात वर केला. ग्रामसेवकाने तो खिडकीतून मोजला आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचे लिहिले. पुढची सभा कुठे घ्यावी, याचा अभ्यास कंपनीने स्वीकारला.

ओट्यावरच्या प्रत्येकाने मात्र पाण्यात हात वर करून उभ्या सरपंचाचा व्हिडिओ काढला. तो वाशीम, अकोला करत फार लांब गेला. लोक हळहळले, त्यांनी अंगठे उमटवले, कंपनीला शिव्या घातल्या. कंपनीने एकही शिवी पुसली नाही. तिच्या यंदाच्या ‘जबाबदार सहभाग’ अहवालात नवव्या पानावर नोंद आहे: बंदीच्या चर्चेत सहभागी झालेले नागरिक, बेचाळीस हजार. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तर त्यातले एक तुम्ही.