ब्रेके घराण्याच्या दुनळीची प्रत आणि वय

वारशाने मिळेपर्यंत कोणतीही वस्तू अडगळ असते. मिळाल्यावर ती दुर्मिळ होते. या नियमाला आमच्या साउथ डकोटात अद्याप अपवाद आढळलेला नाही.

ऑरिन ब्रेके गेले आणि त्यांची दुनळी बंदूक मागे राहिली. हयातभर तिने फेजंट पक्षी पाडले, खुराड्यावर टपलेले कोल्हे पळवले आणि हिवाळ्यात गोठ्याचं दार अडवून धरलं. जाताना ऑरिन म्हणाले होते, "मार्लिसला द्या, ती चालवील." मार्लिस त्यांची नात. पण मुलगा व्हर्लिन याने हरकत घेतली: बंदूक सर्वोच्च प्रतीची आहे, आणि तशी बंदूक भिंतीवर लावतात, चालवत नाहीत. (जिचा बार उडतो ती हलक्या प्रतीची, हे आमच्याकडे सर्वमान्य आहे.) शनिवारी फेजंटचा हंगाम उघडत होता, तेव्हा प्रकरण तातडीने कॅफेतल्या जाणकारांपुढे आलं.

आमची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. प्रत ठरते ती बंदुकीवर कोरलेल्या कुत्र्यांवरून: एक कुत्रा साधी, दोन बरी, तीन कुत्रे आणि उडता पक्षी म्हणजे सर्वोच्च. बाप गेल्यापासून व्हर्लिनने तारेच्या काथ्याने ती इतक्या प्रेमाने घासली होती की कुत्रा औषधालाही उरला नव्हता. यावरून, कोरीवकाम अतिशय नाजूक असणार, सबब प्रत सर्वोच्च, असा निष्कर्ष एकमताने निघाला.

वय थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता ठरतं आणि दरवर्षी वाढतं. बंदूक ऑरिनच्या वडिलांनी नवी घेतली होती; तूर्तास ती त्या वडिलांच्याच जन्माआधीची आहे.

(नळ्या सुट्या केल्या की खालच्या सपाट भागावर कारखान्याने प्रत आणि क्रमांक ठोकलेला असतो, क्रमांकावरून सालही निघतं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण सभ्य माणूस बापाच्या बंदुकीच्या पोटात डोकावत नाही.)

मार्लिस डोकावली. भर कॅफेत, ॲपल पायची बशी बाजूला सारून.

"मामा, सगळ्यात खालची प्रत आहे. आणि साल एकोणीसशे सत्तावीस."

व्हर्लिनचा चेहरा उतरला. त्याला खरोखरच लागलं होतं, आणि मलाही वाईट वाटलं.

"बाबा म्हणायचे, हिच्यासारखी दुसरी नाही."

"खोटं कुठे बोलले? दुसरी होतीच कुठे त्यांच्याकडे!"

तेवढ्यात ज्येष्ठ जाणकार डेल्मर खाकरले. "अरे, चोर फसावा म्हणून कारखान्याने मुद्दामच खालचा शिक्का मारला असेल."

व्हर्लिन खुलला. एवढी खबरदारी ज्या बंदुकीसाठी घेतली, ती तर सर्वोच्चाच्याही वर! "बघ! म्हणूनच म्हणतो, ही चालवायची नाही."

"बरं," मार्लिसने नळ्या खटकन बसवल्या. "मग समजा, मीच चोर. शिक्क्याला फसले, आता हलकी समजून चालवणार." आणि बंदूक घेऊन ती निघूनही गेली.

रविवारी तिने पाडलेला फेजंट व्हर्लिनने दोनदा मागून खाल्ला. दाताखाली छर्रा आला, तो उजेडात धरून म्हणाला, "काय प्रत आहे!"

तुम्ही हसताय. तुमच्याही कपाटात आजोबांचं काहीतरी 'अस्सल' जपून ठेवलेलं असेलच. जा, उलटं करून शिक्का बघून या.

नाही उठलात ना? या मग, कॅफेत जाणकारांच्या बाकावर जागा आहे.