जावईबापूंचा रिपीटर

“आजपासून एक जरी खराब साबण कारखान्याबाहेर गेला, तर मिशी उतरवीन!” जावईबापूंनी जाहीर केलं. त्यांना मिशी नव्हती. पण आत्मविश्वास भरघोस होता.

कारखाना सासऱ्यांचा. जावईबापू तिथे रीतसर इंजिनियर होते, तरी मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना ‘जावईबापू’च म्हणत. एकदा तरी कुणीतरी ‘साहेब’ म्हणावं, एवढीच त्यांची माफक इच्छा. त्यासाठीच त्यांनी सरकत्या पट्ट्यावर कॅमेरा बसवला होता. प्रत्येक वडीचा फोटो केबलमधून लांबच्या कंट्रोल रूममध्ये जाणार. तिथला कॉम्प्युटर तो वेष्टनावरच्या पानाच्या चित्राशी ताडून बघणार. वडी खराब निघाली, किंवा फोटोच पोचला नाही, की पट्ट्याशेजारचा लोखंडी हात तिला खाली ढकलणार.

अंतर फार. वाटेत सिग्नल दमतो. म्हणून मध्ये त्याला ताजंतवानं करून पुढे धाडणारा डबा, म्हणजे रिपीटर, लावला होता. रिपीटरच्या पुढे केबल कमी पडली, तेव्हा स्टोअरमधली वायरलेसच्या अँटेनाची केबल जोडून टाकली. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्याच जाड. तांब्यात कसला आलाय भेदभाव!

सासरे आले. जावईबापूंनी बटण दाबलं.

फट्! पहिली वडी खाली. फट्! दुसरी. फट्! फट्! फट्!

“एवढा खराब माल काढतो आपण?” सासऱ्यांनी विचारलं.

“माल एक नंबर आहे, मालक!” फोरमन कळवळला.

“सिग्नल दमतोय, बाबा. आणखी एक रिपीटर लावतो!”

दुसरा रिपीटर लागला. आधी चुकूनमाकून एखादी वडी पुढे जात होती, ती आता जाईना. मालक येणार म्हणून फरशी नुकतीच धुतली होती. त्या ओल्या फरशीवर साबणांचा सडा पडला. वड्या वेचायला धावलेला फोरमन एक पाऊलही न उचलता थेट पॅकिंग विभागात पोचला.

तिथून जावईबापूंची बायको बाहेर आली. कॉलेजात दोघं एकाच वर्गात होते. मार्कांबद्दल घरात बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

“अहो, कारखान्याला आंघोळ घालताय का?” तिनं केबल हातात घेऊन तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. “हिचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, वेगळा आहे. रुंद पाइपला अरुंद पाइप जोडला की पाणी सांध्यापाशी मागे उसळतं ना? तसा सिग्नल उलटा फिरतो. मग मागून येणारा नवा सिग्नल त्याच गोंधळात बुडतो.”

“म्हणून तर रिपीटर लावलेत!”

“रिपीटर म्हणजे तुमची थोरली आत्या! कानावर पडेल ते दुप्पट मोठ्यानं पुढे सांगणार. तिनं घोळ ऐकला, की गावभर घोळच!”

जावईबापूंनी आत्याची बाजू घ्यायला तोंड उघडलं, आठवून बघितलं आणि मिटलं.

बाजारातून योग्य केबल मागवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच इम्पीडन्सची. जास्तीचा रिपीटर काढला. पट्टा सुरू झाला. स्क्रीनवर वडी इतकी लख्ख उमटली, की फोरमनला तिचा वास आला म्हणे!

फट्!

“आता काय?” सासरे ओरडले.

फट्! फट्! जावईबापूंनी घाम पुसत स्क्रीन बघितला. फोटो व्यवस्थित पोचत होते. खाली लाल अक्षरांत कॉम्प्युटरचा शेरा होता: ‘चित्र वाकडे.’

सगळ्यांनी निरखून बघितलं. वेष्टनावरचं पान सरळ उभं होतं. साबणावरचं पान मात्र डावीकडे कललेलं, जेवणानंतर लवंडल्यासारखं. प्रत्येक वडीवर. तो साचा सासऱ्यांनी ऐन तरुणपणी स्वतःच्या हातानं कोरला होता, आणि त्याचा फोटो त्यांच्या केबिनमध्ये हार घालून टांगला होता.

फोरमन छताकडे बघू लागला. बायकोला अचानक खोकला आला.

सासऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं, जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, कॅमेऱ्याची मान जरा डावीकडे करता येईल का?”

साहेबांनी तत्काळ स्क्रू ढिला केला.