श्रीपतरावांची शांत वस्ती

एका जंगलात, मुलांनो, श्रीपतराव नावाचे साळिंदर राहत होते. त्यांच्या बायकोला, सुमतीबाईंना, दिवस गेले होते. आणि बीळ होते नेमके वानरांच्या झाडाखाली. वानरे दिवसभर भांडत आणि अर्धी खाल्लेली फळे खाली टाकत.

"अहो, या गोंगाटात मी बाळंत होणार नाही. सांगून ठेवते," सुमतीबाई म्हणाल्या.

त्या जंगलात बिळाच्या बदल्यात बीळ मिळे. आपले बीळ कुणी घेतले, तरच दुसरे हाती येई. ही अदलाबदल भारद्वाज जुळवून देई. भारद्वाज दिसला की काम होते, अशी सगळ्यांची समजूत. त्यामुळे त्या पक्ष्याला दुसरे काहीच यावे लागत नव्हते. तो दलाल झाला.

"पाणवठा चार पावलांवर, साहेब," भारद्वाज म्हणाला. "कंदमुळं दारात. वर उंबराची सावली."

"आणि वानरं?"

"औषधालाही नाहीत."

"का बरं?"

"वरच्या दर्जाची वस्ती आहे."

पण श्रीपतराव काही असेतसे नव्हते. "बीळ नंतर, आधी वस्ती," ते म्हणाले. "मी स्वतः दारोदार जाऊन विचारणार."

पहिल्या दारात बाबूराव ससे भेटले.

"शेजार ना? एकदम शांत!" बाबूराव म्हणाले. "सूर्य कलला की चिटपाखरू बाहेर दिसणार नाही. आमची मुलं कधी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही."

केवढी शिस्त, श्रीपतरावांना वाटले. ते घोरपडीबाईंकडे गेले.

"गर्दी अजिबात नाही," घोरपडीबाई म्हणाल्या. "उलट कमी होत चाललीय."

"समोरचं बीळ रिकामं दिसतंय."

"तिथं उदमांजरं राहायची. चांगलं कुटुंब होतं."

"कुठे गेली?"

"पाणवठ्यावर."

"आणि मग?"

"मग काय? आमच्याकडे कुणी कुणाच्या खासगी गोष्टीत डोकावत नाही."

श्रीपतराव खूश होऊन घरी परतले. सुमतीबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"पण वानरं का नसतील हो तिथं?"

"अगं, दर्जा!"

हसू नका, मुलांनो. मोठे झालात की तुम्हीही हेच म्हणाल.

अदलाबदल झाली. नव्या बिळात तिसऱ्याच दिवशी सुमतीबाई बाळंत झाल्या. दोन पिल्ले. त्यांचे काटे अजून मऊ होते. संध्याकाळी श्रीपतराव कंद आणायला बाहेर पडले आणि अंगणातल्या एका खळग्यात त्यांचा पाय गेला. तो खळगा नव्हता. तो पंजाचा ठसा होता, त्यांच्या तोंडाएवढा.

त्यांनी मान वर केली. पाणवठ्यावर बिबट्या पाणी पीत होता. श्रीपतरावांच्या काट्यांकडे पाहून त्याने जांभई दिली. मग नाक वर करून त्याने हवेतला वास घेतला. वास पिल्लांचा होता.

तो निघून जाताच श्रीपतराव तडक बाबूरावांच्या बिळाशी गेले.

"अहो, बिबट्या आहे इथे!"

"हळू बोला!"

"का? तो ऐकेल म्हणून?"

"गिऱ्हाईक ऐकेल म्हणून. आजूबाजूला कुणी असायचं. माझं बीळ बघायला उद्या मुंगसं येणार आहेत."

"मी एवढं विचारलं, तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही शेजाराबद्दल विचारलंत. बिबट्या शेजारी नाही. तो नुसता येऊन जाऊन असतो," बाबूराव म्हणाले. "मलाही घोरपडीबाईंनी शांततेचंच सांगितलं होतं, श्रीपतराव. मी गेलो का त्यांना जाब विचारायला?"

श्रीपतरावांचे सगळे काटे उभे राहिले. "मी गप्प बसणार नाही! उद्या वस्तीच्या तोंडाशी उभा राहीन आणि येईल त्याला खरं काय ते सांगीन."

घरी येऊन त्यांनी सुमतीबाईंनाही तेच सांगितले.

"सांगा की," सुमतीबाई म्हणाल्या. "मग आपलं हे बीळ घेणार कोण? आणि ते नाही गेलं तर या दोघांना घेऊन आपण जाणार कुठे?"



सकाळी मात्र ते वस्तीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. भारद्वाज मुंगसांच्या जोडप्याला घेऊन आला. मुंगशीण जपून, हळूहळू चालत होती. तिलाही दिवस गेले होते. बाबूराव आपल्या दारात कान टवकारून बसले होते.

"काका, तुम्ही इथलेच ना?" मुंगूस म्हणाला. "दलालाचं सोडा. तुम्ही खरं सांगा. वस्ती कशी आहे?"

श्रीपतरावांनी तोंड उघडले. दोघांच्या मधल्या मातीत कालचा एक ठसा स्वच्छ उमटलेला होता. तेवढ्यात मागून एक पिल्लू कुंईकुंई करू लागले. सुमतीबाईंनी त्याचे तोंड दाबले असावे, कारण आवाज लगेच थांबला.

श्रीपतराव एक पाऊल पुढे सरकले आणि त्या ठशावर बैठक मारून बसले.

"फार शांत आहे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "पण या बाबूरावांचं बीळ जरा दमट आहे. माझं बघता का?"

तात्पर्य : घर घेण्याआधी वस्तीतल्या चार जणांना अवश्य विचारावे. ज्या वस्तीतून सगळ्यांनाच निघायचे असते, तिच्याबद्दल सगळे चांगलेच बोलतात. तुम्हाला खरे सांगायची हौस असेल, तर जरूर सांगा. पण आधी घर बदला.