राहीच्या दुधाची घंटा

आपली मुलगी घड्याळाप्रमाणे दूध पिईल, असं तुळशीरामाने ठरवलं. घरात घड्याळ नव्हतं, ही अडचण त्याला किरकोळ वाटली.

तुळशीराम माणगावकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला आणि मॅट्रिक झालेला. न्हावा गावाजवळच्या मिठागरावर कारकून म्हणून येऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर राही जन्मली, आणि पाठोपाठ तिची आई कोकिळा तापाने अशी अंथरुणाला खिळली की अंगावरचं दूधच आटलं. उरणच्या डॉक्टरांनी डब्याचं दूध सुरू करायला सांगितलं. पाणी उकळा, बाटली उकळा, एवढं बजावलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. किती वेळाने पाजायचं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि तुळशीरामाने विचारलं नाही. (मॅट्रिक झालेला माणूस असले प्रश्न विचारतो का?)

डब्यावर मात्र सगळं छापलेलं होतं, आणि सगळं इंग्रजीत होतं. या देशात राज्य बदललं, झेंडा बदलला, टपालाची तिकिटं बदलली. पण तान्ह्या पोराच्या तोंडात काय आणि केव्हा घालायचं, हे त्याच्या आईला वाचता येईल अशा भाषेत छापावं, असं एकाही शहाण्याला सुचलं नाही! तुळशीरामाने शब्दकोश घेऊन मजकूर लावला. 'दर चार तासांनी' हे शब्द हाती लागताच त्याने शब्दकोश मिटला. खाली 'बाळाचे वय व भूक पाहून फरक करावा' अशीही एक ओळ होती. ती मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात होती. महत्त्वाचं असतं ते नेहमी त्याच अक्षरात छापतात.

सकाळी सहा, मग दहा, दोन, सहा असं कोष्टक भिंतीवर लागलं. राही तेव्हा तीन आठवड्यांची होती आणि तिला वाचता येत नव्हतं. ती आठलाच रडायला लागायची.

"अहो, भुकेली आहे ती," कोकिळा म्हणायची.

"आत्ता नाही. दहाला भुकेली होईल."

"तिला काय ठाऊक दहा कधी वाजतात?"

"म्हणून तर आपण शिस्त लावायची!"

दहा वाजेपर्यंत पोर रडून रडून झोपी जायची. मग तिला हलवून उठवायचं आणि बाटली संपेपर्यंत पाजायचं. निम्मं दूध ती तुळशीरामाच्या सदऱ्यावर परत करायची. हा सगळा कठोरपणा होता असं कुणी समजू नये. तो भीतीने अर्धा झाला होता. आठ वर्षांनी हाती आलेली पोर! चमचाभर जास्त झालं, तासभर अलीकडे झालं, आणि काही बरंवाईट झालं तर? छापील आकड्याला धरून राहिलं की निदान दोष तरी आपल्याकडे येत नाही, असं त्याला वाटे.

दहा दिवसांनी उरणच्या दवाखान्यात राहीला काट्यावर ठेवलं. काटा पूर्वीच्याच जागी थांबला. परतीच्या होडीत तुळशीरामाने विचार केला आणि त्याला कारण सापडलं. कोकिळा वळचणीची सावली बघून अंदाजाने पाजते. वेळेत पाच-दहा मिनिटांचा घोळ होत असणार! घड्याळ काय ते मिठागराच्या कचेरीत. पण कचेरीबाहेर रुळाचा तुकडा टांगलेला होता. त्यावर हातोडा मारला की कामाची सुट्टी होई. तो आवाज घरापर्यंत सहज येत असे.

"उद्यापासून मी घंटा देईन," त्याने कोकिळेला सांगितलं. "घंटा झाली की बाटली."

कोकिळेने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. आठ वर्षांच्या संसारात तिने हे पाहणं चांगलं कमावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तुळशीरामाने हातोडा उचलला. ऐकू गेलं नाही असं नको, म्हणून चांगले वीस-पंचवीस ठोके हाणले आणि समाधानाने खुर्चीत येऊन बसला.

क्षणभराने खिडकीबाहेर बघतो तर मिठाचे ढीग ओढणारी माणसं फावडी टाकून धावत सुटलेली. मागून गाव येत होतं. बायका पदर खोचून, डोक्यावर घमेली घेऊन पळत होत्या. एकाच्या एका गालाला दाढीचा साबण तसाच होता. तुळशीरामाला वाटलं, काहीतरी भयंकर घडलंय. तोही धावला. कुणीतरी त्याच्या हातात मातीने भरलेलं घमेलं दिलं, ते डोक्यावर घेऊन तो खारबांधावरून फर्लांगभर पळाला. मुकादम काळूराम शेजारून धापा टाकत चालला होता.

"काय झालं हो मुकादम?" तुळशीरामाने विचारलं.

"खांड गेली! बांध फुटला!"

"अरे बापरे! कुणी सांगितलं?"

"कुनी म्हंजे? घंटा झाली न्हाय का!"

तुळशीरामाचे पाय जागच्या जागी थांबले. मागून येणाऱ्या तिघांची घमेली त्याच्या पाठीवर रिकामी झाली.

त्या किनाऱ्यावर लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट या माणगावकराला ठाऊक नव्हती. अवेळी घंटा वाजली म्हणजे समुद्र शेतात शिरला. मग घरटी एक माणूस माती घेऊन निघालाच पाहिजे, चुलीवर काहीही असो.

"मुकादम," तो कसाबसा म्हणाला, "बांध ठीक आहे. ती घंटा... दुधाची होती."

"कसल्या दुधाची?"

"राहीच्या."

काळूरामाने डोक्यावरचं मुंडासं काढून तोंड पुसलं आणि लोकांकडे वळून ओरडला, "चला रं, कारकुनाच्या घरी! कनचं दूध घंटा वाजवून पाजतात ते बघून येऊ!"

दीडशे माणसं घमेली घेऊन कारकुनाच्या अंगणात शिरली. पुढे काळूरामाची आई सोनूबाई होती. राहीला तिनेच या जगात आणलं होतं, त्यामुळे तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. कोकिळा दारात उभी होती. मांडीवरून नुकतीच उचललेली राही रडून लाल झाली होती आणि बाटली अर्धी ओघळली होती.

"किती येळ रडत व्हती गो?" सोनूबाईने विचारलं.

"आठपासून."

"आन् दूध?"

"आत्ता. घंटा झाली तेव्हा."

अंगणातून असा सुस्कारा निघाला की तुळशीरामाला खरंच बांध फुटला असता तर बरं, असं वाटलं.

"डब्यावर लिहिलंय, मावशी," तो म्हणाला. "चार तास. छापलेलं आहे!"

"भरतीचंबी छापलेलं असतं," काळूराम म्हणाला. "तुमच्याच टेबलावर हाय कोष्टक. पन भरतीचं पानी आत घ्यायला बांधाची उघाडी उघडताना कागद बघतो का मी? पानी बघतो. कागद बघत बसलो तर मीठ न्हाय, मासे पिकतील हितं!"

सोनूबाईने हात साबणाने धुवून घेतले आणि बोटाने राहीच्या गालाला हलकेच स्पर्श केला. राहीने झटकन तोंड तिकडे वळवलं.

"बघ कारकून. ही झाली भूक. मूठ चोखते, ओठ चाटते, मान इकडं तिकडं फिरवते, तवाच पाजायचं. रडनं ही लई उशिराची गोष्ट. दोन तासांनी मागंल, कवा तीन तासांनी. एवढ्याशा पोटाला तुझे चार तास कसे पुरतील? आन् तोंड फिरवलं की बाटली काढायची. उरलेलं टाकून द्यायचं, पोरीत कोंबायचं न्हाय."

"आणि जास्त झालं तर?" तुळशीरामाने विचारलं. "मावशी, तिचं वजन वाढत नाहीये. मला... मला काही सुचत नाही हो."

सोनूबाईने पोर उचलून त्याच्या हातात दिली. "तिच्या तोंडाकडं बघ. डब्याकडं नको. निजून निजून चार तास झाले तर मातर उठव. आन् तरीबी वजन न वाढलं, तर डाक्तरला जाऊन इचार. इचारलं म्हनून तुजी शाळा काय बुडनार न्हाय."

बांधासाठी आणलेली माती परत नेली तर समुद्राला खोटी हाक मारल्यासारखं होतं, असं तिथली माणसं मानत. दीडशे घमेली तिथंच, कारकुनाच्या दारापुढे रिकामी झाली. उंबऱ्याबाहेर पडायला तुळशीरामाला ती टेकडी दोन दिवस चढून उतरावी लागली.

भिंतीवरचं कोष्टक उतरलं. राही दिवसाला आठ-नऊ वेळा पिऊ लागली, कधी थोडं, कधी पोटभर. पंधरा दिवसांनी उरणच्या काट्यावर ती पाऊण रत्तल जास्त भरली. डॉक्टरांनी विचारलं, "काय बदललंत?" तुळशीराम म्हणाला, "निरीक्षण वाढवलं." (दीडशे निरीक्षकांचा उल्लेख त्याने टाळला.)

त्या दिवशी घरी येऊन त्याने हातपाय धुतले, पाटावर बसला आणि ऐटीत म्हणाला, "बारा वाजले. वाढ."

कोकिळा राहीचं तोंड न्याहाळत बसली होती. तिने नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं. "तुम्हांला भूक नाही लागलेली."

"म्हणजे? बारा वाजलेत म्हटलं ना!"

"वाजू देत. भुकेचं तोंड असं नसतं."

आतून सुक्या बोंबलांच्या कालवणाचा वास येत होता. मग मिठागरावरचं कुणी बाहेर नाही ना, हे तुळशीरामाने दारातून डोकावून नीट बघून घेतलं, परत पाटावर आला आणि मुकाट्याने मूठ तोंडात घातली.

ताट लगेच आलं.