एका जेवणाची चौकशी

विलास वैरागड्यांना कुणी काही फुकट दिलं, की ते आधी ती वस्तू उलटी करून तिच्या बुडाशी काय लिहिलंय ते वाचतात. मग वास घेतात. मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नोरा आजीनं एका नाताळात सगळ्या बिऱ्हाडांना घरी केलेल्या मार्मलेडची एकेक बरणी वाटली. आम्ही आमची तीन दिवसांत चाटूनपुसून संपवली. वैरागड्यांची तीन आठवडे खिडकीत होती. "निरीक्षणात ठेवली आहे," म्हणाले. चौथ्या आठवड्यात मी विचारलं, काय सापडलं? "अजून तरी काही नाही," वैरागडे म्हणाले, आणि ते 'अजून तरी' त्यांनी असं काही उच्चारलं की मी घरी जाऊन आमची रिकामी बरणी हुंगून पाहिली.

हा माणूस मूळचा नागपूरचा, आता आयर्लंडच्या किनाऱ्यावर, डून लेरी गावात, आमच्या शेजारच्या दारात. पन्नाशी ओलांडलेली, उंच, किंचित पुढे वाकून चालणारा. माझं दुर्दैव असं की आम्ही एकाच कंपनीत आहोत, आणि माझ्या कोडमधल्या चुका शोधणं हेच त्यांचं काम आहे. सकाळी डार्टच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर जो माणूस माझ्याशी भेंडीच्या भाजीबद्दल गोड गोड बोलतो, तोच अकरा वाजता माझ्या नावापुढे सात लाल ओळी लिहून पाठवतो. एकदा मी वैतागून म्हटलं, "दादा, आज काही सापडलं नाही ना? मग करा की पास!" त्यावर अगदी शांतपणे म्हणाले, "सापडलं नाही, हेच तर मला खटकून राहिलं आहे."

"यात गोम कुठे आहे?" हा त्यांचा जन्माचा प्रश्न. दुकानात दोनावर एक मोफत असलं, की गोम. बसचा ड्रायव्हर हसून गुड मॉर्निंग म्हणाला, तरी गोम. सगळ्यात जास्त संशय त्यांना 'ग्रँड' या शब्दाचा. इथं हवा कशी आहे विचारा, ग्रँड. पाय मोडून पडलेल्याला विचारा, तोही ग्रँड. "बाप्पा, ज्या देशात सगळंच ग्रँड आहे, तिथं बिघडलेलं ओळखायचं कसं?" हे ते दर पावसाळी सकाळी म्हणतात, म्हणजे जवळजवळ रोजच.

त्यांच्या घरी सुनंदावहिनी. वहिनी फार बोलत नसत. आमच्या गणपतीत बायकांच्या घोळक्यात हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या राहायच्या, कुणी काही म्हटलं की मान डोलवायच्या. आम्ही आपसात म्हणायचो, वैरागडे इतके प्रश्न विचारतात की त्या माउलीच्या वाट्याला बोलायला काही उरतच नसेल. मी तर हे दोनदा त्यांच्या तोंडावरही म्हटलं आहे. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्यांची रुचा कॉर्कला शिकते. तिनं आईबाबांना जेवण भेट द्यायचं ठरवलं आणि बापाचा स्वभाव चांगला माहीत असूनही एक घोडचूक केली. तिनं निवड करायला सांगितली. बंदरावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये दोघांसाठी मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण, नाही तर ब्रे गावाच्या पलीकडे एका शेतावरचा 'लुआऊ'. लुआऊ म्हणजे हवाई बेटांवरची पंगत. जमिनीत खड्डा करून त्यात शिजवायचं, ढोल वाजवायचे, नाचायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. काय हवं ते शुक्रवारपर्यंत सांगा, एवढंच तिचं म्हणणं.

मी तेव्हा त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

"दोनच पर्याय काऊन?" वैरागड्यांनी सुरुवात केली.

"बाबा, इट्स जस्ट डिनर, लाइक!"

"आणि शुक्रवारच काऊन? शनिवारी काय होते?"

"ओ माय गॉड. आस्क आई."

वैरागड्यांनी वहिनींकडे वळून तिचा प्रश्न पुन्हा एकदा सावकाश सांगितला. वहिनी हसल्या. "मला दोन्ही चालेल," म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. वैरागडे बराच वेळ त्या दाराकडे बघत होते. मग मला म्हणाले, "मंगळवारी ऑफिसनंतर मोकळा आहेस ना? मला साक्षीदार पाहिजे."

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही त्या रेस्टॉरंटमध्ये होतो. बाहेर लख्ख ऊन, आत एकही गिऱ्हाईक नाही. वैरागड्यांनी कोपऱ्यातलं टेबल निवडलं, मला समोर बसवलं आणि वेटरला पडदे ओढून मेणबत्ती लावायला सांगितली. "आत्ता?" त्या पोरसवदा वेटरनं विचारलं. "आत्ता," वैरागडे म्हणाले. मेणबत्ती लागली. वैरागडे डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोल. आणि तोंडावरचा हात काढ."

हात मी लाजेनं धरला होता. मग त्यांनी संगीत लावायला सांगितलं. पियानो सुरू झाला. मग वेटरला म्हणाले, आजचं सूप कोणतं ते सांग. तो सांगायला लागला तर म्हणाले, "नाही, नाही. तिथं उभा राहा. भिंतीकडे बघून सांग." त्या बिचाऱ्यानं भिंतीला आजचं सूप सांगितलं. मला वाटलं, आता हा मालकाला बोलावणार आणि आम्हाला बाहेर काढणार. पण इथली माणसं सोशिक असतात. वैरागड्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं, "उजेड: नापास. वेटर: चांगला, पण नापास."

बाहेर आल्यावर मी फणकारलो, "मेणबत्तीत काय गोम सापडली तुम्हाला?"

"समोरच्याचं तोंड दिसत नाही," एवढंच म्हणाले. मला वाटलं, सूपात हाडांचं पाणी घालतात की काय याचा संशय आला असावा. वैरागड्यांचं घर शाकाहारी, आणि असल्या बाबतीत त्यांनी पूर्वी एका बिस्किटाच्या कंपनीला अकरा पत्रं लिहिली आहेत.

बुधवारी शेतावर गेलो. डोनल नावाचा तिथला शेतकरी आणि हवाईहून लग्न होऊन आलेली त्याची बायको कैलानी, असे दोघं मिळून उन्हाळ्यात हा लुआऊ करतात. कैलानीनं स्वागताला आमच्या गळ्यात हार घातले. माझा हार माझ्या गळ्यात राहिला. वैरागड्यांनी त्यांचा काढला, उलटा केला आणि गाठ तपासली.

मग खड्डा. दगड कुठून आणता? किती वेळ तापवता? डुक्कर ज्या खड्ड्यात भाजता, त्याच खड्ड्यात आमचं जेवण का? कैलानी म्हणाली, तुमच्यासाठी वेगळा छोटा खड्डा खणते. "ग्रँड," डोनल म्हणाला, कारण खणायचं त्यालाच होतं. त्या खड्ड्यात रताळी, आणि नारळाच्या दुधात शिजवलेली कसली तरी मोठी पानं असणार होती. तिनं पानं आणून दाखवली, आणि वैरागड्यांचे डोळे विस्फारले.

"अरे, हा तर धोपा आहे!" नागपूरकडे अळूला धोपा म्हणतात. लगेच त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं, हे खाजतं का?

कैलानी खळखळून हसली. म्हणाली, खाजतं की! नीट शिजलं नाही तर घसा सोलून निघेल.

वैरागडे माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा इतका निवळलेला मी कधी पाहिला नव्हता. "समीर, ही बाई खरं बोलून राहिली." स्वतःच्या पदार्थाची खोड आपण होऊन सांगणारं माणूस त्यांना आयर्लंडमध्ये पहिल्यांदाच भेटत होतं.

पुढचे प्रश्न ढोलांबद्दल होते. आवाज किती मोठा? खूप मोठा, डोनल म्हणाला, शेजाऱ्याचं एक अक्षर ऐकू येणार नाही. "कुणालाच नाही?" कुणालाच नाही. "लहान मुलांनाही नाही?" वैरागड्यांनी हेही वहीत लिहून घेतलं. मग नाच कसा असतो म्हणून विचारलं. कैलानीनं तिथंच गवतावर उभं राहून दाखवलं. हातांनी समुद्र केला, हातांनी पाऊस केला, आणि मग किनाऱ्यावर कुणाची तरी वाट बघणारं माणूस केलं. आमच्यात गोष्ट हात सांगतात, ती म्हणाली, शब्द कळले नाहीत तरी चालतं, हातांकडे बघायचं.

वैरागड्यांनी तिला ते पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा. मी परतीच्या गाडीसाठी घड्याळ बघत होतो. तिसऱ्या वेळी त्यांनी वहीत काहीच लिहिलं नाही, वही खिशात टाकली.

गुरुवारी सकाळी, म्हणजे मुदतीच्या एक दिवस आधी, त्यांनी रुचाला कळवलं की लुआऊ नक्की. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. अनोळखी माणसं, डुकराचा खड्डा, कानठळ्या बसवणारे ढोल, आणि वैरागडे राजी? मी माझ्या बायकोला, मेधाला म्हटलं, "यात काहीतरी पाणी मुरतंय." ती म्हणाली, "तुला त्यांची लागण झाली आहे."

रुचाची परीक्षा असल्यामुळे ती येऊ शकली नाही, पण पंगतीला दोघंच कशी बसणार म्हणून तिनं आम्हा दोघांनाही त्यात ओढलं. शनिवारी दुपारी ब्रे स्टेशनवरून डोनलनं आम्हाला गाडीतून नेलं. लांबच लांब ठेंगणी टेबलं, पन्नासेक माणसं, आणि मग ढोल सुरू झाले. डोनल खोटं बोलला नव्हता. मी मेधाला पाणी मागितलं, तिनं मला मीठ दिलं. जो तो खाणाखुणा करायला लागला. मीठ, पाणी, अजून वाढ, पुरे पुरे, सगळं हातांनी.

आणि वहिनी! त्या इतक्या बोलक्या असतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. टेबलापलीकडच्या एका जाड्या आयरिश बाईशी त्यांची हातांनी गप्पाष्टकं चालली होती. रताळं कसं झालंय, नवरा कोणता, मुलं किती, सगळं झालं. कैलानीनं पाहुण्यांना नाच शिकवायला उठवलं तेव्हा समुद्र, पाऊस आणि वाट बघणं वहिनींना सगळ्यांच्या आधी जमलं. मेधाचा पाऊस चुकत होता, तो त्यांनी तिचे हात धरून सुधारला. त्या मोठमोठ्यानं हसत होत्या.

"वहिनींना झालंय काय?" मी वैरागड्यांच्या कानात ओरडलो. त्यांनी मला दंडाला धरून गोठ्याच्या मागे नेलं. तिथं आवाज जरा कमी होता.

"डावा कान पूर्ण गेला आहे तिचा," ते म्हणाले. "उजवाही जाऊन राहिला. दोन वर्षं झाली असतील. ओठ वाचते ती. मी मिशी काढली ना मागच्या वर्षी? तुम्ही ऑफिसात हसले होते."

मी हसलो होतो. सगळ्यांत जास्त मीच हसलो होतो. मला एकदम तो भिंतीला सूप सांगणारा वेटर आठवला.

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत? तुम्ही?"

"सगळ्या दुनियेत गोम शोधत फिरतो मी, समीर. तिला विचारलं तर तिला वाटेल, आता माझ्यातही शोधून काढली."

मला गलबलून आलं, आणि स्वतःची लाजही वाटली. या माणसाचा प्रत्येक संशय मी आजवर ऑफिसभर सांगून खिदळलो होतो, आणि हा एक त्यानं दोन वर्षं एकट्यानं सांभाळला होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही परत पंगतीत आलो.

परतताना आठ वाजून गेले होते, पण जूनमधलं ऊन अजून समुद्रावर होतं. डार्टमध्ये ते दोघं खिडकीशी समोरासमोर बसले, आम्ही पलीकडच्या बाकावर. डबा बऱ्यापैकी भरलेला होता. वहिनी पाण्याकडे बघत होत्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, पण आपला आवाज किती मोठा झालाय याचा त्यांना अंदाज नव्हता, "अहो, मला डाव्या कानानं काही ऐकू येत नाही."

अख्खा डबा वळून बघायला लागला. कळलं ते फक्त आम्हा चौघांना.

"माहीत आहे," वैरागडे पुटपुटले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि मान वर करून, तोंड नीट दिसेल असं, पुन्हा म्हणाले, "माहीत आहे मला."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं."

वहिनींचा चेहरा बदलला. "मग विचारलं का नाही? त्या भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारता. पोस्टमनला विचारता. मी रोज वाट बघायची, आज विचारतील, उद्या विचारतील. शेवटी वाटलं, माझ्यात आता विचारण्यासारखं काही उरलंच नाही."

मेधानं माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघायचं नाटक करत होतो.

किलायनी स्टेशन गेलं, डॉकी गेलं. मग वैरागड्यांनी घसा खाकरला.

"आधी डावाच गेला?"

"हो."

"एकदम की हळूहळू?"

"हळूहळू. आधी पक्षी ऐकू येईनासे झाले."

"कानात आवाज येतो काय?"

"येतो. कुकरच्या शिट्टीसारखा."

"रुचाचा आवाज येतो, फोनवर?"

"नाही येत. अंदाजानं हो म्हणते."

"आणि माझा?"

"तुमचा येतो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही ओरडताच तेवढं."

डून लेरीला आम्ही चौघंही उतरलो. गर्दी पांगली तरी ते दोघं फलाटावरच उभे होते. वैरागडे उजेडाकडे तोंड करून, थोडे वाकून, एकेक शब्द सुटा करून विचारत होते. दुखतं काय, चक्कर येते काय, डॉक्टरला दाखवलं काय, नाही तर काऊन नाही दाखवलं. मग त्यांना बहुधा वाटलं की फार झालं, आणि ते मध्येच गप्प झाले.

"विचारा ना," वहिनी म्हणाल्या, "अजून विचारा."